मोत्यांना लिंबू नको गं बाई!

वर ज्या ताईंनी विचारलंय की चांदी-मोत्याचा तन्मणी काळा पडलाय, लिंबात बुडवू का, तर अजिबात नको!! मोती म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आंबट लागलं की वरची चमक जाते ती परत येत नाही. मी स्वतः एकदा चिंचेच्या कोळानं मोत्याची चिंचपेटी घासून बसले होते, मोती अगदी खडूसारखे दिसायला लागले, आई दोन दिवस बोलली नाही.

चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकामुळं, आणि आपल्या बेळगावचा पाऊस म्हणजे काय, जून ते सप्टेंबर कपाटात पण ओल, त्यामुळं मऊ कोरड्या कपड्यानं फक्त चांदीचा भाग पुसायचा आणि मोती वेगळे ओलसर फडक्यानं, बस्स. सेंट-पावडर लावून झाल्यावरच घालायचा.

आणि डिझाईनबद्दल, जांभळा अमेथिस्ट मोत्याला चिकटून ओवायचं म्हणताय ना, दिसेल झकास, पण त्याचा कडकपणा मोह्स मापावर (1 ते 10, जास्त आकडा म्हणजे जास्त कडक) 7 आणि मोत्याचा जेमतेम अडीच-साडेचार, घासून मोती ओरखडणार की. रेशमी दोऱ्यात प्रत्येक मण्यानंतर गाठ मारून गाठवून घ्या, दोरा तुटला तरी एकच मोती पडतो, सगळे नाही. इथं बेळगावातच शहापूरला माझा दागिना गाठवायला दिला तेव्हा गाठवणाऱ्यांनी तीन मोत्यांमागं एक गाठ मारून दिलेली, लग्नात तुटला आणि आम्ही सगळ्या पंगतीत खाली वाकून मोती शोधतोय 😀 म्हणून आता समोर बसूनच करून घेते. कडी-फासा मात्र 92.5 टक्के चांदीचाच घ्या, शुद्ध चांदी फार मऊ, वाकते.