सईची वर्दीतली नोकरी: घरच्या ग्रुपवरची चर्चा

आबा: सई, तुझी आई म्हणाली तू अमेरिकेच्या नेव्हीत चाललीस. तू धाडलेल्या फोटोतल्या बाईंच्या अंगावर तर सगळा नेव्हीचाच पोशाख आहे. औषधांचं एवढं शिक्षण घेऊन लढाईवर कशाला जायचं, बाळ? आपल्या घरातले दोघं मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते. त्या पोशाखाबरोबर काय येतं ते मी पाहिलंय.

सई: आबा, नेव्ही नाही हो. हुद्दे आणि गणवेश नेव्हीसारखे, पण खातं आरोग्याचं. पब्लिक हेल्थ सर्व्हिस कमिशन्ड कोअर. इथे गणवेशातल्या सेवा आठ आहेत, त्यातल्या दोन बिनशस्त्र, आणि ही त्यातली एक. डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट, डेंटिस्ट, इंजिनिअर, अगदी जनावरांचे डॉक्टरसुद्धा. मिळून साधारण 6,000 अधिकारी.

मावशी: मग नेव्हीचे कपडे कशाला गं?

सई: सुरुवात खलाशांपासून झाली ना, म्हणून. 1798 साली कायदा झाला की व्यापारी जहाजांवरच्या खलाशांच्या पगारातून महिन्याला 20 सेंट कापायचे आणि त्यातून त्यांच्यासाठी दवाखाने चालवायचे. 1871 मध्ये डॉ. जॉन वुडवर्थ प्रमुख झाले. त्यांनी डॉक्टरांना गणवेश दिला आणि नियम केला की कुणी एका दवाखान्याला चिकटून बसायचं नाही, पाठवू तिथे जायचं. 1889 मध्ये त्याला कायद्याने रूप आलं. चिन्हावर जहाजाचा नांगर अजून आहे.

पुण्याचे काका: म्हणजे आमच्या आर्मी मेडिकल कोअरसारखीच बदलीची नोकरी, फक्त रुग्ण साधी जनता. आपल्याकडे वर्दीतला डॉक्टर प्रामुख्याने सैन्याचा. गावोगावचं आरोग्य जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याकडे, ते बिनवर्दीचे. सई, सुरुवातीचा हुद्दा कोणता?

सई: माझ्या पदवीवर बहुधा लेफ्टनंट, काका.

पुण्याचे काका: आबा, नेव्हीतला लेफ्टनंट म्हणजे पायदळातला कॅप्टन बरं का.

आबा: थेट कॅप्टन?

नाशिकचा दादा: अभिनंदन सई, पण एक विचारतो, राग मानू नकोस. टस्कीगीचं प्रकरण याच खात्याचं ना? 1932 पासून 1972 पर्यंत अलाबामातल्या गरीब काळ्या माणसांना सिफिलिस असताना उपचार न करता नुसतं बघत बसले. पेनिसिलिन हाताशी असूनही दिलं नाही. अशा खात्यात जायचं?

सई: राग कसला, दादा. विचारायलाच हवं होतंस. हो, याच खात्याचं. आजारी होते ते 399 जण, आणि त्यांना खरं कधी सांगितलंच नाही. ते उघडकीला आणणारे पीटर बक्स्टन याच खात्यात कामाला होते. वर्षानुवर्षं वरिष्ठांना लिहीत राहिले, कुणी ऐकेना तेव्हा वर्तमानपत्राकडे गेले. सरकारने माफी मागितली ती थेट 1997 मध्ये. मला हे विसरून आत जायचं नाहीये. ज्यांचा सरकारी दवाखान्यावरचा विश्वास असा मोडला, त्यांच्यासमोर कुणीतरी रोज नीट वागायलाच पाहिजे ना?

नाशिकचा दादा: पटलं. हे मुलाखतीतही असंच सांग.

मावशी: पण पाठवतात कुठे? वादळं, साथी, तिकडेच ना? मला तर काळजीच वाटते.

सई: मावशी, तेही असतं, तुझ्यापासून लपवत नाही. कत्रिना वादळात हे लोक गेले होते. 2014 मध्ये इबोलाच्या साथीत लायबेरियात 25 खाटांचं हॉस्पिटल यांनीच चालवलं, तेही खास आजारी पडलेल्या डॉक्टर-नर्सेससाठी. हुकूम आला की निघायचं. पण एरवी रोजचं काम तुरुंगातले दवाखाने, औषधांवर देखरेख करणारं खातं आणि मूळ आदिवासींची हॉस्पिटलं इथे. मला त्या शेवटच्या ठिकाणी जायचंय. उन्हाळ्यात न्यू मेक्सिकोत गॅलपला होते, नाव्हाहो लोकांच्या भागात. तिथे खिडकीतून पुडी सरकवत नाहीत. फार्मासिस्ट पेशंटला छोट्या खोलीत बसवून तीनच प्रश्न विचारतो: डॉक्टरांनी औषध कशासाठी म्हणून सांगितलं? कसं घ्यायला सांगितलं? घेतल्यावर काय होईल म्हणाले? एका आजींनी तिसऱ्या प्रश्नावर हळूच सांगितलं, घरात वीज नाही, इन्सुलिन उन्हात खराब होतं, म्हणून त्या घेतच नव्हत्या. त्यांच्या फाइलमध्ये मात्र ‘औषध लागू पडत नाही’ एवढंच. खोलीत बसवून विचारलं नसतं तर डोस वाढवून मोकळे झाले असते.

आबा: अमेरिकेत वीज नाही?

सई: वीज नाही आणि कित्येक घरांत नळही नाही, आबा. पिकअपमध्ये पिंपं टाकून लांबून पाणी आणतात.

आबा: म्हणजे आपल्या माण तालुक्यासारखंच की. उन्हाळ्यात टँकरची वाट बघत बसायचं.

सई: अगदी तसंच. म्हणून तर या कोअरमध्ये इंजिनिअर आहेत. 1959 च्या कायद्याने आदिवासी वस्त्यांना पाणी आणि सांडपाण्याची सोय करून देणं हेही आरोग्य खात्याचं काम झालं. गणवेशातला अधिकारी विहीर आणि पाइपलाइनचं काम बघतो.

आबा: हे बाकी चांगलं आहे.

पुण्याचे काका: वीस वर्षं काढली की पेन्शन, आपल्यासारखंच. पगार त्यांच्या सैन्याच्या श्रेणीप्रमाणे, वर घरभाडं. पण खाजगी दुकानात सुरुवातीला हिला जास्त मिळेल, हे आत्ताच मनाशी पक्कं कर सई, नंतर चुटपुट नको. आणि अंगाने तयार राहा. अर्ज लांबत जातो, वैद्यकीय तपासणी कडक असते. लहानपणच्या दम्याचे कागद आईकडून आजच मागून घे.

मावशी: आणि नागरिकत्वाचं?

सई: नागरिकत्व लागतंच, पण माझा जन्म इथलाच ना. काका, कागद मागते. मुलाखतीआधी तुमच्याशी बोलायचंय.

पुण्याचे काका: कधीही कर.

आबा: मलाही कर. रविवारी साडेनऊनंतर, पूजा आटोपलेली असते. त्या विहिरींचं अजून विचारायचंय, किती खोल जातात ते.