डास ‘संवेदनशील’ असतो का?

प्रश्न: ब्राझीलमधल्या पीतज्वराविषयी (यलो फीवर) मराठीत लिहिते आहे. ‘शहरातले डास या विषाणूला संवेदनशील आहेत’ असं लिहिलं आणि अडले. वाचणाऱ्याला वाटेल, डासच आजारी पडतो. दुसरा शब्द सुचवाल का?

प्रतिसाद: ‘संवेदनशील’ नकोच. मन संवेदनशील असतं, मतदान केंद्रही असतं. ‘प्रवण’ही चालणार नाही, अवर्षणप्रवण, अपघातप्रवण म्हटलं की कुणीतरी सोसतंय हे आलंच. शहरातल्या एडिस डासाची मादी विषाणू बाळगून मरेपर्यंत चावत हिंडते. ‘ग्रहणशील’ घ्या. रक्तातून आलेला विषाणू तिच्या आतड्यात रुजतो, एवढाच अर्थ.

प्रश्नकर्ती: म्हणजे ग्रहणशील डास रोग पसरवतोच, असं धरू?

प्रतिसाद: नाही, नेमका इथेच घोळ होतो. विषाणू आतड्यातून लाळग्रंथीत पोचावा लागतो. त्याला साधारण १० ते १२ दिवस लागतात, उष्ण हवेत कमी. मला यासाठी ‘मुरणे’ फार आवडतं: लोणच्यासारखा तो डासात मुरतो. काही माद्यांमध्ये मात्र आतड्यातच अडतो. ज्यांच्या लाळेत उतरतो त्या ‘वहनक्षम’. (‘वाहक’ म्हटलं की एसटीचा आठवतो, पण आरोग्याच्या लिखाणात तो शब्द रुळला आहे.)

दुसरा प्रतिसाद: शहरातला धोका ही आणखी तिसरी गोष्ट. तिथे डास किती, माणसांनाच चावतात का, विषाणू मुरेपर्यंत जगतात का आणि लस किती जणांनी घेतली, हे सगळं येतं. २०१६ ते २०१८ मध्ये ब्राझीलमध्ये २,००० हून अधिक माणसांना लागण झाली, हाउलर माकडं पटापट मेली. रोग रिओ आणि साओ पावलोच्या वेशीशी आला. रिओतल्या एडिस इजिप्ती जातीच्या माद्यांना प्रयोगशाळेत विषाणूयुक्त रक्त पाजलं, तेव्हा त्या वहनक्षम निघाल्या. तरी लागण जंगलातल्या हीमॅगॉगस आणि सॅबेथीस डासांकडूनच होत राहिली. ब्राझीलमध्ये शहरी चक्र, म्हणजे शहरातल्या एडिसने माणसामाणसांत रोग नेणं, १९४२ नंतर नोंदलेलं नाही. पण २००८ मध्ये पॅराग्वेत आसुनसिओनजवळ आणि २०१६ मध्ये अंगोलातल्या लुआंडात एडिसनेच रोग माणसामाणसांत नेला. म्हणून ‘ग्रहणशील’वरून ‘साथ येणार’ लिहू नका, ‘येणार नाही’ही नको.

प्रश्नकर्ती: मग असं लिहिते: ‘रिओचे एडिस डास पीतज्वराच्या विषाणूला ग्रहणशील आहेत आणि वहनक्षमही, तो शहरात फिरू लागेल का, हे डासांच्या संख्येवर आणि लोकांच्या लसीकरणावरही ठरेल.’