प्रसूतिगृहातून डिस्चार्जच्या आधी बाळाची कार सीट (गाडीच्या सीटवर बांधायची बाळाची खुर्ची) बसवायला शिकवायला हवं की नको?

मुलुंडचा_बाबा
लेक दहा महिन्यांची. सीट आहे म्हणून मी निर्धास्त होतो. परवा मित्राने गाडीचा बेल्ट जातो तिथे सीट धरून हलवली, तर गदागदा हलली. इंचभरापेक्षा जास्त हलता कामा नये. लेकीच्या खांद्यापाशी सीटचा पट्टा चिमटीत येत होता, म्हणजे ढिला. वर ती रडते म्हणून मी तिचं तोंड पुढे करून ठेवलेलं. या वयात ते मागच्या काचेकडेच हवं. दुकानदाराने पाठवलेला व्हिडिओ भलत्याच मॉडेलचा! प्रसूतिगृहात अंघोळ शिकवतात, मग हे का नाही?

लालबागची_आत्या
अहो, स्वतःच्या गाडीने घरी जातात किती जण? आमची वहिनी काळी-पिवळीने आली, बाळ आजीच्या मांडीवर. मागचा बेल्ट कव्हराखाली गाडलेला. आणि परळ ते लालबाग गाडी सरकते तरी किती?

मुलुंडचा_बाबा
परळचं मान्य. पण कोस्टल रोडला? ताशी ५० किमीची धडक म्हणजे जवळपास १० मीटरवरून पडणं, साधारण तिसरा मजला. आजीचे हात कितीही घट्ट असोत, आत्या.

चलान_प्रेमी
शिकवण्या कशाला? मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीत कलम १९४-ब आलंय: १४ वर्षांखालचं मूल बेल्ट किंवा सीटविना दिसलं की १००० रुपये दंड. आधी तो वसूल करा. नोव्हेंबर २०२२ पासून मुंबईत मागच्यांनाही बेल्टसक्ती झाली, पाळतं कोण?

नाइट_ड्युटी
दंडाने सीट विकली जाईल, नीट बसणार नाही. पण डिस्चार्जच्या दिवशीही नका शिकवू. मी प्रसूती विभागात नर्स आहे. त्या दिवशी आईचे टाके दुखत असतात, बाप बिलाच्या रांगेत, आणि मावशी पेढे वाटत असतात. कोणाच्या डोक्यात काही शिरत नाही. गरोदरपणाच्या सातव्या-आठव्या महिन्यात बापाला गाडीसकट बोलवा, त्याच्याच हाताने बसवून घ्या. मग दीड महिन्याच्या लसीला आले की पट्टे पुन्हा तपासा, बाळ तेवढ्यात वाढलेलं असतं. आणि पुढच्या सीटला एअरबॅग चालू असेल तर उलट्या (मागच्या काचेकडच्या) तोंडाची सीट तिथे कधीच नाही. हे एकच वाक्य भिंतीवर लावा.

मुलुंडचा_बाबा
पटलं. डिस्चार्जचा हट्ट सोडतो.

लालबागची_आत्या
छान. गाडीवाल्यांचं ठरलं. आमच्या काळी-पिवळीचं काय, ते सांगा की कोणीतरी.