मदत हवी आहे: घरबसल्या वंशावळींचं सेवाकाम करायचंय, मोडी येते, पण कोणासाठी करू?

शनिवारपेठी:

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबचा आहे, चहा घेऊन बसा.

मी पुण्यात शनिवारात राहते. दोन वर्षांपूर्वी बँकेतून निवृत्त झाले. सासूबाई ८८ वर्षांच्या आहेत, विस्मरणाचा आजार आहे, त्यामुळे सांभाळायला मावशी आल्या की तेवढा तासभर मी बाहेर. दुपारी दीड ते चार सासूबाई झोपतात, ती वेळ माझी. (पुण्यात दीड ते चार काय करायचं असतं ते मला ठाऊक आहे. मला दुपारी झोप लागत नाही, त्याला इलाज नाही.)

नोकरीत असतानाच भारत इतिहास संशोधक मंडळात मोडीचा वर्ग केला होता. सराव सुटू नये म्हणून काही ना काही वाचत असते.

गेल्या पितृपक्षात मोठे दीर श्राद्धाला बसले. बाप, आजा, पणजा, तिथपर्यंत गाडी सुरळीत. बायकांची नावं सुरू झाली आणि पणजीपाशी आल्यावर सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. नाव कोणालाच माहीत नाही. माहेरचं तर सोडाच, सासरचंही नाही. गुरुजींनी त्यांच्या पद्धतीने वेळ निभावून नेली, पण मला दिवसभर चैन पडेना. ज्या बाईमुळे हे सगळं घर उभं राहिलं, तिला आपण दरवर्षी जेवायला बोलावतो आणि नाव विचारलं की गप्प.

हे भाच्याला सांगितलं. तो अमेरिकेत असतो. त्याने फॅमिलीसर्च या वंशावळींच्या साइटचं खातं उघडून दिलं. फुकट आहे. तिथे जगभरातले लोक घरून सेवा म्हणून जुन्या नोंदी टंकतात. नोंदवहीची पानं पडद्यावर येतात, रकान्यांत नाव, तारीख, गाव भरायचं, आपण केलेलं दुसरा स्वयंसेवक तपासतो. नियम एकच, दिसतं तसं लिहा, शहाणपणा नको. दोन महिने मी इंग्लंडातल्या खेड्यांतली लग्नं लावली! नवरदेव मजूर, नवरीच्या सहीच्या जागी फुली. बँकेत अंगठे बघितलेल्या बाईला हे काम अगदी घरचं वाटलं.

मग दिरांना कळलं. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं आणि म्हणाले, "हे मॉर्मन चर्चचं आहे. मेलेल्यांना बाप्तिस्मा देतात ते. म्हणजे तू दुपारी बसून मेलेल्यांना बाटवायला मदत करतेस."

तेव्हापासून नोंदींची बॅच (टंकायच्या पानांचा गठ्ठा) उघडलेली नाही. आता प्रश्न. मी टंकलेली नावं खरंच त्या विधीला जातात का? मराठीत, जमलं तर मोडीत, असं काही काम घरून मिळेल का? आणि तिसरा प्रश्न सगळ्यात नाजूक. २०१९ साली त्र्यंबकेश्वरला गेलो होतो तेव्हा आमच्या उपाध्यांकडच्या नामावळीचे, म्हणजे यजमानांच्या पिढ्या लिहिलेल्या वहीचे, फोटो काढले होते. ते या साइटवर चढवावेत का? भाचा म्हणतो चढव, कोणाला तरी उपयोग होईल. दीर काय म्हणतात ते लिहीत नाही.

सायबरकाका:

ताई, पहिल्याचं उत्तर देतो.

तुमचे दीर चुकीचं बोलत नाहीत, पण दोन गोष्टी एकात एक मिसळतायत. संस्था चर्चचीच आहे. १८९४ साली युटाची वंशावळ संस्था म्हणून सुरू झाली, १९३८ पासून जगभरच्या नोंदींच्या मायक्रोफिल्म काढत गेली, १९९९ला साइट आली. सुमारे २४ लाख रिळं होती, त्यांचं डिजिटायझेशन २०२१ मध्ये संपलं. एवढा खर्च करण्यामागे श्रद्धाच आहे: कुटुंब मृत्यूनंतरही जोडलेलं राहतं, आणि जे पूर्वज बाप्तिस्म्याविना गेले त्यांच्या वतीने जिवंत माणसाने विधी करायचा. मृतात्म्याला तो नाकारायची मोकळीक आहे असंही ते मानतात.

तुम्ही टंकता ती शोधसूची. तिथलं नाव आपोआप कुठे जात नाही. चर्चच्या सदस्याने आपल्या पूर्वजाचं नाव मागावं लागतं, नियमाने फक्त स्वतःच्या नात्यातलं, आणि जन्म ११० वर्षांच्या आतला असेल तर जवळच्या नातलगाची परवानगी काढून. नियम पाळले गेलेच असं नाही. छळछावण्यांत मेलेल्या ज्यूंची नावं घातली गेली, त्यावरून १९९५ साली ज्यू संघटनांशी करार करावा लागला, आणि त्यानंतरही तक्रारी आल्या.

तेव्हा बाटवता म्हणणं जास्तीचं, काहीच संबंध नाही म्हणणंही खोटं. तुमच्या टंकण्याने शोधणाऱ्याचं काम सोपं होतं, आणि शोधणारा कोणीही असू शकतो.

एक मात्र ध्यानात ठेवा. तिथला वंशवृक्ष सगळ्यांचा मिळून एक आहे. जिवंत माणसांची माहिती झाकलेली असते, मृतांची सगळ्यांना दिसते आणि कोणीही खातेदार ती बदलू शकतो.

उगाच_एक:

दुपारचे अडीच तास मोकळे असतील तर आमच्या सोसायटीच्या ओल्या-सुक्या कचऱ्याच्या समितीवर या. तिथे जिवंत माणसांचीच नावं टंकायची आहेत.

शनिवारपेठी:

@उगाच_एक, आमच्या वाड्याच्या जागी इमारत झाली तेव्हापासून मीच ती समिती आहे.

@सायबरकाका, मनापासून आभार. मला एवढंच सरळ हवं होतं. इंग्लंडातल्या नोंदींचं माझं मन आता शांत आहे. त्यांचे पूर्वज, त्यांचं तर्पण, मी नुसती पळी-पंचपात्र धरून उभी. आमच्या घरातली नावं त्या झाडावर घालायची की नाही हा वेगळा प्रश्न, तो मी एकटीने ठरवायचा नाही.

कॅम्पातली:

मी मराठी ख्रिश्चन, म्हणून दोन शब्द. हा मृतांचा बाप्तिस्मा आमच्याही चर्चला मान्य नाही. व्हॅटिकनने तर २००८ साली पत्र काढून जगभरच्या कॅथलिक चर्चांना सांगितलं की आपल्या नोंदवह्या या संस्थेला देऊ नका. तेव्हा दिरांना सांगा, या बाबतीत ते पोपच्या बाजूचे आहेत.

कामाचं सांगते. टंकायची आवड असेल तर ब्रिटिश अमदानीतल्या घराण्यांसाठी काम करणारी एक संस्था आहे, फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटी, लोक फिबिस म्हणतात. १९९८ची. धार्मिक नाही. यांचंही टंकन घरबसल्या स्वयंसेवक करतात आणि शोध फुकट आहे. मुंबई इलाख्यातल्या चर्चमधल्या बाप्तिस्मा, लग्न, दफन यांच्या नकला लंडनला पाठवल्या जायच्या. त्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. त्यात आपलं पुणं भरपूर सापडतं. 'पूना' आणि 'किरकी' कोणीही वाचेल, पण घोरपुरी आणि वानवडीचं इंग्रजी कारकुनाने काय करून ठेवलंय ते इथलं माणूसच ओळखतं. सेंट मेरीज चर्चमध्ये लग्न लागलेल्या कुठल्या शिपायाचा पणतू पत्ता शोधत असतो, आणि आपल्याला तो कोपरा रोजचा असतो.

आमच्या आजीच्या बाबतीत नोंदवहीचाच आधार झाला. आमच्याकडे निदान बाप्तिस्म्याच्या नोंदीत आईचं नाव लिहितात हो.

मोडीवेडा:

शेवटचं वाक्य कळलं आणि लागलंही.

ताई, मोडीचं स्पष्ट सांगतो. बॅच उघडा आणि टंका असं तयार ताट मोडीत नाही. युनिकोडमध्ये मोडी २०१४ साली आली, पण वाचणारे थोडे आणि कागद बहुतेक कपाटात. मंडळात किंवा पुराभिलेखागारात चौकशी करा, पण बहुतेक काम तिथे जाऊन बसायचं. तुम्हाला घरून हवंय, म्हणजे ज्यांच्या घरी मोडी कागदांचे रुमाल (गाठोडी) बांधून पडलेत अशी माणसं गाठायची.

आणि आत्ता मोडीवाचकांचे दिवस आहेत हेही लक्षात ठेवा. कुणबी नोंदींच्या शोधासाठी २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समिती नेमल्यापासून जो तो जुना कागद घेऊन येतो. माझ्याकडे एकजण आला, वाचून दाखवलं, हवं ते निघालं नाही तर म्हणाला, "नीट वाचा ना." नीटच वाचलं होतं. तेव्हा कोणाच्या तरी घराण्याचं पान नेटवर टाकताना दहादा विचार करा. त्या पानावर नुसती नावं नसतात, जात असते, गाव असतं, कधी वाटणीही असते.

त्र्यंबकी:

लिहू की नको असा विचार करत होतो. मी पुण्यात आयटीत आहे, हिंजवडीला, पण घर त्र्यंबकचं. काका अजून उपाध्येपण करतात.

ताई, फोटो काढताना विचारलं होतंत?

शनिवारपेठी:

हो. विचारून काढले, दक्षिणाही दिली. पण नेटवर टाकीन असं सांगितलं नव्हतं. तेव्हा मलाच ते डोक्यात नव्हतं.

त्र्यंबकी:

प्रामाणिक बोललात म्हणून सविस्तर लिहितो.

नामावळीचं पान एका घराण्याचं नसतं. गावावारी आणि आडनावावारी लिहिलेलं असतं. वर तुमचे पणजे, खाली त्याच गावचं दुसरं घर. कोण कोणाबरोबर आलं, कोणाचं पिंडदान केलं, किती भाऊ, शके, मिती, आणि खाली आलेल्याची स्वतःच्या हातची सही. तुम्हाला परवानगी होती ती तुमच्यापुरती. शेजारच्या चार घरांना कोणी विचारलं?

दुसरं, रोखठोक बोलायचं तर त्या वह्यांवर आमच्या घराची चूल पेटते. भावाभावांत वाटण्या होतात तेव्हा शेतासारख्या वह्याही वाटल्या जातात. एका गावाची वही म्हणजे त्या गावचे यजमान. उद्या सगळं मोबाइलवर दिसलं तर माणूस आमच्या ओसरीवर कशाला येईल? हरिद्वारच्या आणि इतर क्षेत्रांच्या बऱ्याच वह्यांच्या फिल्म याच संस्थेने सत्तरीच्या दशकापासून काढल्यात. आजोबांकडे कोणी आलं असेलच तर त्यांनी चहा पाजून वाटेला लावलं असेल.

पण हेही खरं की वह्या झिजतायत. जुन्या तीन मोडीत आहेत. काका गाव आणि आडनाव सवयीने ओळखतात, खालच्या ओळी त्यांना लागत नाहीत. मला तर काहीच लागत नाही. यजमान येतो, वही उघडतो, आणि आपल्याच घरची वही आपल्याला वाचता येत नाही.

शनिवारपेठी:

फोटो चढवत नाही. ठरलं. भाच्याला मी समजावते.

आणि त्या तीन वह्या मला वाचायला आवडतील. पैसे नकोत.

मोडीवेडा:

दोघांनी आधी अटी ठरवून घ्या, मागाहून रुसवेफुगवे नकोत. फोटो पेनड्राइव्हवर, व्हॉट्सॅपवर नाही, तिथे प्रत खराबही होते आणि फिरतेही. वाचन देवनागरीत, जसंच्या तसं. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भरवसा नसतो, तेव्हा 'गंगु'ची 'गंगू' करू नका. शके लिहा, इसवी सन कंसात. अडलेलं अक्षर अंदाजाने भरू नका, टिंबं द्या. आणि सूचीची मालकी काकांची.

आणि ताई, वह्या कुठे जात नाहीत. सासूबाईंचं आधी टिपून घ्या.

शनिवारपेठी:

त्यांना सकाळचा नाश्ता आठवत नाही, पण आत्तेसासूबाईंची सात मुलं क्रमाने सांगतात. चौथ्याला दरवेळी वेगळं नाव असतं. फोनवर रेकॉर्ड करून ठेवतेय. विचारलं की बोलत नाहीत, मी मटार सोलत बसले की आपणहून सुरू होतात. मटार संपले तरी मी रिकाम्या शेंगा हातात धरून बसते.

शनिवारपेठी (सहा आठवड्यांनंतर):

मंडळी, धागा वर आणतेय.

काकांशी फोनवर बोलणं झालं. पहिली दहा मिनिटं त्यांनी माझीच परीक्षा घेतली, गोत्र, कुलदैवत, मूळ गाव. मग पेनड्राइव्ह आला. पहिल्या वहीची तीसेक पानं झाली. वेग फार नाही. ओळीत शब्द सुटे नसतात, शिरोरेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि दोन कारकुनांची अक्षरं एकमेकांशी पटत नाहीत. छापील फॉर्मवर इंग्रजी लग्नं लावणं म्हणजे सुट्टीच होती. ती अधूनमधून करते, दिरांना माहीत आहे, ते आता नुसतं "हं" म्हणतात.

दरम्यान माझे २०१९चे फोटो पुन्हा काढून नीट वाचले. तेव्हा मोडी अर्धीमुर्धी येत होती. शके १८२४चं पान, पणजेसासऱ्यांचं नाव, दोन भाऊ, आणि पुढे 'यांची स्त्री' असं स्पष्ट आहे. तिथेच कागदाची घडी. घडीच्या बाहेर फक्त शेवटचं 'दा' दिसतंय.

यशोदा की नर्मदा? फोटोतला तेवढा तुकडा कापून मोडीवेडा यांना निरोपातून पाठवलाय. शेजारचं घर त्यात येत नाही.

मोडीवेडा:

पाहिला. घडीत गेलेली जागा दोन अक्षरांची आहे. 'शो' असता तर मात्रेचं टोक शिरोरेघेच्या वर कुठेतरी डोकावलं असतं. ते नाही. माझं मत नर्मदा, पण शपथ घेणार नाही. शारदाही बसू शकते.

कॅम्पातली:

सासूबाईंना विचारलंत का?

शनिवारपेठी:

विचारलं. काल ठामपणे नर्मदा म्हणाल्या. आज दुपारी मलाच "यशोदे" म्हणून हाक मारली.

त्र्यंबकी:

दिवाळीला घरी जातोय. काकांना सांगून ती घडी हलक्या हाताने उलगडून बघतो. तोवर दोन्ही नावं पेन्सिलीने लिहा.