मदत हवी आहे: गोल्फच्या आयर्नचं फिटिंग (क्लब अंगाला जुळवून घेणं) आणि शाफ्ट

नमस्कार मंडळी. मी बेळगावचा, वय 52, उंची सहा फूट. मामेभावाने त्याचा जुना आयर्नचा (धातूच्या चपट्या डोक्याचे गोल्फ क्लब) सेट दिला, दीड वर्ष त्यावरच खेळतोय. शाफ्ट (क्लबचे दांडे) स्टीलचे, स्टिफ म्हणजे कमी लवणारे, एकेक 130 ग्रॅमच्या आसपास. सेव्हन आयर्न (सेटमधला मधल्या अंतराचा क्लब) नीट लागला तरी 125 यार्डांच्या पुढं जात नाही, आणि बॉल कायम उजवीकडं. नवव्या होलपर्यंत खांदा बोलायला लागतो.

परवा एक प्रयोग केला. बॉलवर मार्करने जाड उभी रेघ ओढली, रेघ क्लबच्या बाजूला ठेवून मारला. फेसवर (डोक्याची बॉलला लागणारी बाजू) छाप उठला तो तिरका, वरचं टोक हीलकडं (दांड्याकडची बाजू) झुकलेलं. म्हणजे टो (डोक्याचं बाहेरचं टोक) जमिनीत जातोय, लाय अँगल (दांडा आणि जमीन यातला कोन) माझ्या उंचीला सपाट पडतोय, बरोबर ना? उद्यमबागेत फौंड्रीत आयुष्य गेलं, त्यामुळं फोर्ज्ड (ठोकून घडवलेलं) डोकं दोन डिग्री वाकेल, कास्टिंगला (ओतीव) जपावं लागेल, एवढं कळतं. माझं कास्टिंगच आहे, नशीब बघा की!

दुकानदार म्हणाला, "ग्रॅफाइटचे हलके शाफ्ट घ्या, वयाला बरं." स्विंग बघितलाच नाही हो त्यानं.

तर सांगा: 95-100 ग्रॅमचं हलकं स्टील रेग्युलर फ्लेक्समध्ये (स्टिफपेक्षा जास्त लवणारं) घ्यावं की सरळ ग्रॅफाइट? आधी लाय सुधारून बघू की शाफ्टच बदलू? आणि लाँच मॉनिटरवर (बॉलचा वेग, कोन मोजणारं यंत्र) नीट फिटिंग करणारं कुणी पुणे, गोवा किंवा बेंगळुरूत माहीत आहे का? जाताना माझा सेव्हन आयर्न सोबत न्यावा ना?