एकट्याने खेळायच्या गेमला नेट कशाला?

घणसोलीकर
काल रात्री सोसायटीची लाइट गेली. पंखा बंद, राऊटर बंद, पण हॅण्डहेल्डची, म्हणजे हातात धरून खेळायच्या गेम-मशीनची, बॅटरी ८० टक्के. म्हटलं, चला, अंधारात तासभर खेळू. गेम उघडला तर ‘सर्व्हरशी संपर्क होत नाही’. गेममध्ये दुसरा माणूस नाही, स्पर्धा नाही. मी आणि एक जंगल. त्या जंगलात शिरायला परवानगी कुणाची? मोबाइलचं हॉटस्पॉट लावून पाहिलं, पण रेंजही गुल. पैसे मोजून घेतलेला गेम हातात आणि मी पडद्याकडे बघत बसलोय. घेताना एकदा काय तपासायचं ते तपासा, नंतर रोज हजेरी कशाला?

महापेचा सर्व्हरवाला
वैताग समजतो, मागणी पटत नाही. नव्या गेमची मोठी विक्री सुरुवातीच्या दिवसांतच होते. त्यातच फुकट्यांनी क्रॅक, म्हणजे कुलूप तोडलेली फुकट प्रत, काढला तर बनवणाऱ्यांनी खायचं काय? शिवाय रात्री पीसीवर सोडलेला गेम सकाळी गाडीत तिथूनच सुरू करता येतो, ती सोय नेटमुळेच आहे ना?

नौपाडा ते नेरूळ
फुकट्यांचं कारण नेहमीचंच. राक्षस मारायचा तो गेम, डायब्लो ३, आठवा. २०१२ मध्ये पीसीवर आला तो कायम ऑनलाइन, आणि पहिल्याच दिवशी ‘एरर ३७’, म्हणजे सर्व्हरवर गर्दी, नंतर या. पैसे देणारे दाराबाहेर. तोच गेम २०१८ मध्ये निन्टेन्डो स्विच या हॅण्डहेल्डवर आला, तिथे एकट्याला खेळायला नेट लागत नाही. गेम तोच, राक्षस तेच. शहर वसवायच्या सिमसिटी गेमचंही तसंच. २०१३ मध्ये सांगत होते की शहराचा हिशोब सर्व्हरवर चालतो, नेटशिवाय जमणार नाही. २०१४ मध्ये ऑफलाइन मोड दिला. वर्षभरात हिशोब सोपा झाला का?

महापेचा सर्व्हरवाला
डायब्लोची अर्धीच गोष्ट सांगितलीत. पीसीवर तेव्हा खऱ्या पैशांचं लिलावघर होतं. वस्तू सर्व्हरवर ठेवल्या नसत्या तर लोकांनी नकली तलवारी छापून विकल्या असत्या.

नौपाडा ते नेरूळ
लिलावघर मार्च २०१४ मध्ये बंद झालं. पीसीवरची नेटची अट मात्र तशीच राहिली. आता बोला!

दहा नंबर फलाट
लाइट कधीतरी जाते हो, माझं रोजचं आहे. पनवेल गाडीची वाट बघताना ठाण्याच्या फलाटावर खेळायचं, गाडी आली की बटण दाबून मशीन झोपवायचं, बॅगेत टाकायचं, जागा मिळाली की उठवायचं. हॅण्डहेल्ड घेतलं ते याच्यासाठी. पण झोपेत संपर्क तुटतो आणि कायम नेट मागणारा गेम उठल्यावर थेट पहिल्या मेनूवर नेतो. तुर्भ्यापर्यंत परत लॉगिन, परत लोडिंग. पुण्याला जाताना तर घाटातले बोगदे सुरू झाले की नादच सोडायचा.

वाशीची आई
मी खेळत नाही, पण नेटच्या बाजूने माझं एक मत धरा. मुलगा बारावीला आहे. नेट लागणारा गेम असला की रात्री दहाला राऊटरचं बटण दाबते, विषय संपतो. बिनानेटचा असला की पांघरुणात उजेड दिसतो. तुमचं सगळं मान्य झालं तर माझ्या हातात काय उरलं?

घणसोलीकर
ताई, चार्जर काढून घ्या. 🙂

नौपाडा ते नेरूळ
चेष्टा बाजूला. खरी भीती पुढची आहे. युबिसॉफ्ट कंपनीचा ‘द क्रू’ हा गाड्यांच्या शर्यतींचा गेम २०१४ चा. ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद केले, आणि एकट्याने चालवायच्या शर्यतीसुद्धा गेल्या. गाडी तुमची, रस्ता त्यांनी उखडून नेला. त्यावरूनच ‘स्टॉप किलिंग गेम्स’ (गेम मारणं थांबवा) मोहीम उभी राहिली आणि २०२५ मध्ये युरोपातल्या तिच्या अर्जावर दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या.

महापेचा सर्व्हरवाला
सर्व्हर फुकट चालत नाहीत, वीज आणि पगार लागतात. खेळणारे उरले नाहीत तर किती वर्षं पोसायचे? आणि गाडी तुमची कधीच नव्हती, परवाना होता. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून दुकानांनी ‘तुम्ही परवाना घेताय’ हे ग्राहकाला स्पष्ट सांगायचं, असा कायदाच आहे.

नौपाडा ते नेरूळ
त्याच कायद्यात पुढे वाचा. जो गेम कायमचा उतरवून घेऊन नेटशिवाय वापरता येतो, त्याला ही सूचना लावायची गरज नाही. दोन्हींतला फरक कायद्यालाही कळला, तुम्हालाच तेवढा दिसत नाही.

महापेचा सर्व्हरवाला
बरं, एवढं मान्य: दुकान बंद करताना ऑफलाइनची किल्ली देऊन जावं. पण दुकान चालू असताना गेमला नेटचं कुलूप लावू नका म्हणणं मला आजही पटत नाही. आणि घणसोलीकर, स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानात गेमच्या पानावर बाहेरचं कुलूप (दुसऱ्या कंपनीची कॉपी-बंदी) असलं की तशी नोंद असते, ती वाचून घ्या. बऱ्याच गेमांना घरी नेटवर एकदा उघडून, मग ऑफलाइन मोड लावून निघालं की पुरतं. लाइट जायच्या आधी तेवढं केलं असतंत तर ही वेळ आली नसती.

घणसोलीकर
अहो, लाइट जाणार हे आधी कळलं असतं तर मी टाकी भरून ठेवली असती, गेम कुठे उघडत बसलो असतो!