वॉकर आणायचा का नाही? लेकरू ८ महिन्याचं

जुळेसोलापूरची_आई:
परवा माझा भाऊ नव्या पेठेतून पोरीला वॉकर घेऊन आला, गाणी वाजणारा, आणि मी त्याच दिवशी तो माळ्यावर टाकला म्हणून घरात बोलाबोली झाली. पोरगी अजून नीट रांगत पण नाही. वॉकरमध्ये लेकरू झोळीत बसल्यासारखं लटकतं, अंगाचा पूर्ण भार पायावर येतच नाही, चवड्याने ढकलत सुटतं, पुढच्या ट्रेमुळे स्वतःचे पाय सुद्धा दिसत नाहीत, मग तोल सांभाळायचं शिकणार कधी? कॅनडात २००४ पासून विक्री बंद आहे, जुना वापरलेला विकायला पण बंदी. आपल्याकडे बारशालाच देतात. तुमच्याकडे काय अनुभव?

पाच्छापेठ_सून:
ताई मी घरी विड्या वळते. सुपात तंबाखू, मांडीजवळ कात्री, आणि पोरगं १० महिन्याचं, सोडलं की पहिला हात तंबाखूतच. सासूबाई पण वळतात, धरणार कोण? वॉकरमध्ये बसवलं की तेवढ्या हजार विड्या होतात. माझी थोरली दोघं वॉकरमध्येच वाढली, वर्षाच्या आसपास चालायला लागली. काही झालं नाही.

अशोकचौक_बाबा:
आमच्या घरात झालंय म्हणून लिहितो. शहाबादी फरशी, गुळगुळीत, पुतण्या वॉकरमध्ये उंबरठ्यापर्यंत कधी गेला कळलं नाही, चाक अडकलं आणि पालथा, कपाळाला ३ टाके. वहिनी त्याच खोलीत होती हो. एका सेकंदात ३ फूट जातं लेकरू त्याच्यात, आपण उठेपर्यंत खेळ संपलेला असतो. अमेरिकेत १९९० ते २०१४ मध्ये २ लाख ३० हजारांच्या वर लेकरं वॉकरमुळे इमर्जन्सीत नेली, बहुतेक जिन्यावरून पडलेली आणि मार डोक्यालाच.

विजापूररोड_इंजिनिअर:
आकडा पूर्ण सांगा की. तिथं १९९७ ला नवीन नियम आले, जिन्याच्या काठावर थांबणारे वॉकर निघाले, आणि वर्षाला २० हजारांवर असलेले अपघात २००३ मध्ये ३ हजारांवर आले. म्हणजे वस्तू सुधारली की फरक पडतो. चालायला उशीर होतो म्हणतात त्याचं पण तेच, आयर्लंडमधल्या २००२ च्या अभ्यासात वॉकरमधल्या दर २४ तासांमागे चालणं साधारण ३ दिवस लांबलं. लेकरं तशीही ८ महिन्यापासून १७ महिन्यापर्यंत कधीही चालतात. आठवडाभर मागंपुढं झालं तर काय बिघडलं?

जुळेसोलापूरची_आई:
रोज २ तास बसवलं तर १२ दिवसात २४ तास होतात, हिशोब करा, आणि ४ महिने तेच चालतं. काठावर थांबणारा वॉकर मी तरी इथल्या दुकानात बघितला नाही.

गड्ड्याची_आजी:
आम्ही सिद्धेश्वराच्या गड्ड्यातून, म्हणजे जत्रेतून, पांगुळगाडा आणायचो लाकडी. लेकरू आधी स्वतः उभं राहायला पाहिजे मग दांडी धरून ढकलायचं, सगळा भार त्याच्याच पायावर. पडतं, उठतं, परत धरतं. पण फरशीवर तो पण निसटतो बरं का, मागं माणूस पाहिजेच. आणि उभं राहत नाही त्याला काहीच देऊ नका, खाली सतरंजीवर सोडा. पाच्छा पेठेतल्या सुनबाई, वॉकरमध्ये हात उंच पोचतो गं, स्टोव्हवरचं चहाचं भांडं त्याच्या हाताशी येतं. आम्ही दोन खाटा आडव्या लावून कोपरा करायचो, आत वाटी चमचा टाकायचा, बसतंय खेळत.

पाच्छापेठ_सून:
आजी खाट एकच आहे आमच्यात. लोखंडी पेटी आहे ती आडवी लावते उद्या, कडेला चादरी गुंडाळून. बसला तर बरंच आहे. पण वॉकर आत्ताच टाकून देणार नाही, शनिवारी माल द्यायचाय कारखान्यात.